बेमालूम दुरुस्ती : एका कौतुकाचा फेरविचार

मागच्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंनी बडोद्यातल्या एका जुन्या सरदारी वाड्याच्या आवारावर टिपण वाचलं. वाड्यात आज एक संस्था चालते. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार तिच्याविरुद्ध नाही, माझ्याच विरुद्ध आहे.

टिपणाचा विषय होता वाड्याचा मुदपाकखाना नेमका कुठे होता हा. घराण्याच्या तोंडी परंपरेत तो पूर्वेला होता असं सांगतात. इमारत कधीच पडली, जोत्याचाही मागमूस नाही. बाईंनी परंपरेवर शंका घेतली आणि पुरावा म्हणून पुढे केली मागच्या दारापासून विहिरीपर्यंत जाणारी सिमेंट काँक्रीटची पायवाट. एकेक तुकडा त्यांनी टेपने मोजला होता, फोटो काढले होते. त्यांचा युक्तिवाद असा: पायवाट सरळ विहिरीपर्यंत जाते, तिला पूर्वेकडे एकही फाटा नाही, काठ शेवटपर्यंत अखंड आहे. विहिरीचं पाणी दिवसातून पन्नास वेळा मुदपाकखान्यात जाणार, आणि तिकडे वाटच नाही? म्हणजे मुदपाकखाना पूर्वेला नव्हता.

पद्धत चोख होती. आमच्या मंडळात इतकं नेटकं मोजमाप फार थोडे लोक करतात. निष्कर्ष मात्र चुकीचा होता, आणि ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. फाटा होता. १९९८ साली मी तो स्वतः उभा राहून काढून टाकला होता आणि तिथला काठ असा जुळवून दिला होता की पंचवीस वर्षांनी एका काटेकोर बाईंना तो मूळचा वाटला.

चहा झाल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “अहो, मग हे तुम्ही कुठे लिहून का नाही ठेवलंत?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. दुरुस्ती “ओळखूच येत नाही” ही आपल्याकडे सगळ्यांत मोठी शाबासकी समजतात. तिच्यावरच मला टीका करायची आहे.

काय केलं होतं

आधी काम सांगतो. त्यातलं कसब खोटं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय दोष कुठे आहे ते कळणार नाही.

आवारात पाण्याची नवी लाइन टाकताना पायवाटेचे तीन तुकडे फुटले होते. त्यांच्याच शेजारी पूर्वेकडे अडीच फूट रुंदीचा एक फाटा निघत होता. सात-आठ फूट जाऊन तो मातीत संपायचा. पुढचा भाग कधी उखडला कोण जाणे. संस्थेच्या कारभाऱ्यांचं म्हणणं पडलं, “तो तुटका तुकडा कशाला ठेवता? काढून टाका, वाट सरळ दिसू दे.” मला ते पटलं. नुसतं सांगितलं म्हणून केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मला ते पटलं होतं.

जुन्या काँक्रीटच्या पायवाटेत नवं काँक्रीट टाकलं की ते पांढऱ्या ठिगळासारखं उठून दिसतं. याचं कारण बहुतेकांना वाटतं ‘सिमेंट नवं आहे’ एवढंच. खरं कारण वेगळं आहे. ताज्या काँक्रीटवर थापी फिरवली की पाणी आणि बारीक सिमेंट वर येतं आणि त्याची एक पातळ साय धरते. नव्या पृष्ठभागाचा रंग हा या सायीचा रंग असतो. वर्षानुवर्षं पाय आणि पाऊस लागून ती साय झिजते आणि खालची रेती, मग खडी उघडी पडते. म्हणजे जुन्या पायवाटेचा रंग हा मुख्यतः रेती-खडीचा रंग, त्यावर धूळ आणि वाळलेलं काळं शेवाळ. सिमेंटचा वाटा त्यात फार कमी. म्हणून जो माणूस नुसता सिमेंटमध्ये रंग मिसळून जुळवायला जातो तो चुकतो. आधी जुळवायची असते रेती आणि खडी.

त्या पायवाटेत खडी होती नदीतली, गोल गोट्यांची. आजच्यासारखी क्रशरची कपची नव्हे. मी गोटे आणवून चाळणीने चाळून घेतले. रेती ओरसंगची, जाड. एकेक फुटाच्या तीन नमुना-लाद्या ओतल्या आणि महिनाभर थांबलो. ओलं काँक्रीट नेहमी गडद दिसतं. सुकल्याशिवाय रंगाबद्दल बोलणं म्हणजे ओल्या धोतराचा रंग बघून कापड घेणं. तीन लाद्यांमध्ये पाण्याचं प्रमाण वेगवेगळं ठेवलं होतं, कारण पाणी कमी तर काँक्रीट गडद, पाणी जास्त तर फिकं. थोडी पिवळसर झाक हवी होती, तेवढ्यापुरता लोहाच्या ऑक्साइडचा रंग घातला, सिमेंटच्या वजनाच्या दोन टक्के. काजळी घालायची नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तिचे कण इतके बारीक असतात की उघड्यावरच्या काँक्रीटमधून काही पावसाळ्यांत धुऊन जातात आणि काळं केलेलं ठिगळ पुन्हा पांढरं पडतं.

मग साय काढायची युक्ती. ती मला एका म्हाताऱ्या कडियाने शिकवली. आमच्याकडे गवंड्याला कडिया म्हणतात. साखरेचं पाणी सिमेंटला धरू देत नाही. काँक्रीट ओतून सारखं केलं की वर साखरेचं पाणी शिंपडायचं, झाकून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ब्रश आणि पाण्याने घासायचं. खालचं घट्ट झालेलं असतं, वरची साय तेवढी निघते, आणि आत बसलेले गोटे पन्नास वर्षं तुडवल्यासारखे डोकं वर काढतात. आम्ल मारूनही हेच करतात, पण त्याने सिमेंट नको तितकं खाल्लं जातं, आणि आत सळई असली तर मिठाच्या आम्लातलं क्लोराइड तिला गंज लावतं. साखर बरी.

शेवटी शेवाळ. नवं काँक्रीट इतकं क्षारीय असतं की त्यावर काही उगवत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभागाची क्षारता उतरली की मग शेवाळ धरतं. आम्ही ताक आणि शेणकाला फासला. त्याने किती फरक पडला आणि दोन पावसाळ्यांनी किती, हे मला आज सांगता येणार नाही. तिसऱ्या वर्षी फरक कळत नव्हता.

आणि काठ. नव्या-जुन्याचा सांधा सरळ रेषेत कापला तर डोळ्यांना लगेच दिसतो. म्हणून मी जुन्या भेगांच्या वाकड्या रेषा धरून छिन्नीने काठ काढला आणि नवं काम त्या भेगांत विरघळवून टाकलं.

बिल पास करायला जे साहेब आले ते म्हणाले, “काम कुठे झालंय ते तर दाखवा.” मला बोट ठेवून दाखवावं लागलं. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी अभिमानाने सांगत असे.

दुरुस्तीचे तीन दोष

गेलं वर्षभर मी जुन्या आवारांत, मंदिरांच्या प्रदक्षिणामार्गांवर, बागांमधे खाली मान घालून फिरतो आहे. जुन्या पायवाटांवरच्या काँक्रीटच्या दुरुस्त्या मला साधारण तीन जातींच्या दिसतात.

पहिली जात पांढऱ्या ठिगळाची. मिळेल ती कपची, मिळेल ती रेती, वर थापीने गुळगुळीत घोटाई. ही सर्वांत जास्त, आणि तिच्यावर टीका करणं सर्वांत सोपं. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने बोलली पाहिजे: ती कुणाला फसवत नाही. पन्नास पावलांवरून कळतं की इथे कुणीतरी, केव्हातरी, घाईत काहीतरी केलं. तिचा खरा दोष रंगापेक्षा बांधणीत असतो. काठ न कापता जुन्यावर पातळ थर पसरवला की तो थर कडेला कागदासारखा पातळ होतो आणि पहिल्या उन्हाळ्यात निघून येतो. जुना सांधा जिथे होता तिथे नव्यात सांधा ठेवला नाही तर खालची जमीन हलताच भेग बरोबर त्याच जागी वर येते. आणि खालचं काम चुन्याचं असलं तर दोष आणखी खोल जातो. चुन्याचा कोबा पाणी पितो आणि सोडतो. त्यात सिमेंटचं कठीण ठिगळ बसवलं की ओल त्याच्या कडेने बाहेर पडू बघते, क्षार तिथेच जमतात, आणि ठिगळ शाबूत राहून भोवतालचा जुना कोबा भुगा होतो. दुरुस्ती टिकते, ज्याची दुरुस्ती केली ते टिकत नाही.

दुसरी जात रंगवलेल्या ठिगळाची. आधी पांढरं काम करायचं, मग कुणी तक्रार केली की वर काळपट पाणी फासायचं. अलीकडे वारशाच्या जागांवर ही फार दिसते. एक-दोन पावसाळ्यांत रंग ज्या वाटेने पाय पडतात तिथे उडतो आणि कडेला राहतो, म्हणजे झीज असायला हवी तिथे नवेपणा आणि नको तिथे जुनेपणा. हिच्यात पहिलीचा प्रामाणिकपणा नाही आणि तिसरीचं कसबही नाही. हिच्यावर जास्त शब्द घालवत नाही.

तिसरी जात माझी. साहित्य तेच, झीज तीच, सांधा लपवलेला. डोळ्यांना ही सर्वांत सुखाची. बागेत फिरायला येणाऱ्या माणसासाठी हिच्यासारखी दुरुस्ती नाही, आणि त्या माणसाचा हक्क मी कमी लेखत नाही. शंभर माणसं त्या वाटेने जातात, त्यातला एखादाच टेप घेऊन येतो. पण त्या एकाला ती खोटी साक्ष देते. पांढरं ठिगळ फार तर म्हणतं, ‘इथे काय होतं मला माहीत नाही.’ माझं ठिगळ छातीठोक सांगतं, ‘इथे फाटा नव्हता.’

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, ज्या मी तेव्हा केल्या नाहीत. तीन फुटलेले तुकडे पूर्वीसारखे करणं ही दुरुस्ती होती. फाटा काढून काठ सरळ करणं ही दुरुस्ती नव्हती, तो बदल होता. पण दोन्हीला मी एकच कसब लावलं, आणि त्या कसबाने बदलाला दुरुस्तीचा वेष चढवला. बेमालूमपणाचा धोका मुख्यतः हाच. कामामागची बुद्धी चांगली होती की वाईट, शहाणी होती की उतावळी, हे नंतर कुणाला तपासताच येत नाही.

जाणकार काय म्हणतात, आणि कुठे कमी पडतात

इतिहासाकडे वळल्यावर मी याबद्दलचं वाचन केलं. नोकरीत असताना केलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडचा जुना ग्रंथ म्हणजे सर जॉन मार्शल यांचं १९२३ सालचं ‘कॉन्झर्व्हेशन मॅन्युअल’. पुरातत्त्व खात्याच्या कामावर त्याची छाप पुढे कितीतरी वर्षं राहिली. त्याचा कल स्पष्ट आहे: मोडकंतोडकं का असेना, मूळ काम हे नव्या सफाईदार कामापेक्षा मोलाचं. एवढं एक वाक्य १९९८ साली माझ्या डोक्यात असतं तर फाट्याचा तो सात-आठ फुटांचा तुकडा आज जागेवर असता.

१९६४ साली व्हेनिसमधे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जी सनद केली तिचं बारावं कलम आमच्या विषयाला नेमकं लागू पडतं. त्याचा आशय: हरवलेल्या भागाच्या जागी जे नवं घालाल ते एकूण वास्तूशी सुसंगत असावं, पण त्याच वेळी मुळापासून वेगळं ओळखू यावं, म्हणजे कलेचा किंवा इतिहासाचा पुरावा खोटा ठरणार नाही. माझा अनुभव असा की कंत्राटाच्या कागदपत्रांत यातलं पहिलं अर्धं वाक्य उतरतं, दुसरं गळतं. ‘मॅच विथ एक्झिस्टिंग’ हे शब्द मी शंभर निविदांत वाचले असतील. ‘ओळखू येईल असं ठेवा’ हे एकाही निविदेत वाचल्याचं आठवत नाही.

ही दोन अर्धी वाक्यं एकमेकांशी भांडतात असं वाटतं. त्यांची समजूत घालायचा सर्वांत चांगला प्रयत्न इटलीच्या चेझारे ब्रांदी यांचा. १९३९ साली रोममधे स्थापन झालेल्या जीर्णोद्धार-संस्थेचे ते पहिले संचालक, आणि त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९६३चं. चित्रातला रंग उडालेला भाग कसा भरावा याची त्यांच्या संस्थेत एक रीत बसली: सपाट रंग भरायचा नाही, बारीक उभ्या रेघांनी भरायचा. चित्र बघायला जिथे आपण उभे राहतो तिथून रेघा मिसळून जातात आणि चित्र अखंड दिसतं. जवळ जाऊन पाहिलं की रेघा सुट्या दिसतात आणि कळतं, एवढा भाग नवा आहे. दुरून एक, जवळून वेगळं. पायवाटेलाही हे तत्त्व लावता येतं. रेती-खडी आणि झीज जुळवायची, पण काठ वाकडा लपवण्याऐवजी सरळ कापायचा आणि सांध्याची बारीक रेघ दिसू द्यायची. चालणाऱ्याला वाट एकसंध वाटते, वाकून बघणाऱ्याला सांधा सापडतो. शिवाय सरळ, खोल कापलेला काठ बांधकामाच्या दृष्टीनेही टिकाऊ. निदान इथे तरी प्रामाणिकपणा आणि मजबुती एकाच बाजूला आहेत.

तरीही माझं समाधान होत नाही, आणि यात थोडा इंजिनिअरचा आडमुठेपणा असेल. चित्र संग्रहालयात राहतं. पायवाट ऊन-पावसात राहते. तिच्यातला ओळखू येणारा फरक ही स्थिर गोष्टच नाही. आज मी सरळ सांधा ठेवला, तीस वर्षांनी त्यात माती भरेल, शेवाळ धरेल, आणि तो पन्नास इतर सांध्यांसारखाच एक सांधा होईल. पांढरं ठिगळसुद्धा, फुटलं नाही तर, साय झिजून एक दिवस काळवंडतं. हवामान हा असा कारागीर आहे की तो कुणाचंच काम वेगळं ठेवत नाही. म्हणजे वस्तूमधला फरक कितीही विचारपूर्वक ठेवला तरी तो तात्पुरता साक्षीदार. कायमचा हवा असेल तर लिहूनच ठेवावं लागेल.

गंमत अशी की हे व्हेनिसच्या सनदेतच आहे, चार कलमं पुढे. सोळावं कलम म्हणतं की प्रत्येक कामाची रेखाटनं आणि छायाचित्रांसह नेमकी नोंद ठेवावी आणि ती सार्वजनिक संग्रहात अभ्यासकांना खुली असावी. बाराव्या कलमावर चर्चासत्रं होतात, सोळाव्याची आठवण भाषणाच्या शेवटी एका वाक्यात काढतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. नोंद चोख असेल तर दुरुस्ती कितीही बेमालूम करा, इतिहासाचं फार नुकसान होत नाही. नोंद नसेल तर ओळखू येणारी दुरुस्तीसुद्धा काही पिढ्यांनी मुकी होते.

गिरनारच्या वाटेवरचा दगड

हे काही पाश्चात्त्यांकडून शिकायला हवं असं नाही. आमच्याच गुजरातेत, जुनागढहून गिरनारला जाताना लागतो तो मोठा खडक आठवा. अशोकाचे लेख त्याच्यावर आहेत म्हणून तो प्रसिद्ध. पण त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा संस्कृत लेख आहे, शके ७२ मधल्या घटनेचा, म्हणजे इसवी सन १५०च्या सुमाराचा. तो संस्कृत भाषेच्या इतिहासासाठी वाचतात, राजाच्या प्रशस्तीसाठी वाचतात. इंजिनिअरने वाचला तर तो आहे एका दुरुस्तीचा अहवाल.

सुदर्शन तलावाचा बांध फुटला होता. लेख आधी बांधाचा पूर्वेतिहास देतो: चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्ताने तलाव करवला, अशोकाच्या काळी तुषास्फाने त्याला पाट काढले. मग नुकसान कशाने झालं ते: वादळ, पाऊस, सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्यांना आलेला पूर. मग मोजमाप: भगदाड ४२० हात लांब, तितकंच रुंद आणि ७५ हात खोल. मग मतभेदही: भगदाडाचा आवाका बघून राजाचे सचिवच या कामाला अनुकूल नव्हते. मग पैसा कुठून आला: प्रजेवर जादा कर किंवा वेठ न लादता राजाच्या कोशातून. शेवटी काम कुणी केलं: सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने. आणि सुमारे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळी, बांध पुन्हा फुटला तेव्हा चक्रपालिताने तो दुरुस्त केला आणि त्याची नोंदही त्याच खडकावर झाली.

तलाव आज नाही. बांध नेमका कुठे होता यावर अभ्यासकांत वाद आहेत. सुविशाखाने नवी भर जुन्या बांधात कशी मिसळली, सांधा लपवला की दाखवला, कुणाला कळणार नाही. दुरुस्ती गेली, नोंद राहिली, आणि तिच्यामुळे आपल्याला एका बांधाचा मौर्यांपासून गुप्तांपर्यंतचा, सात शतकांहून जास्त काळाचा वृत्तांत सांगता येतो. माझ्या कामाचं उलटं झालं. काँक्रीट आजही ठणठणीत आहे, आणि ते काय आहे हे सांगणारं काही नाही.

कुणी म्हणेल, कुठे सुदर्शन तलाव आणि कुठे तुमचे तीन लाद्यांएवढे तुकडे. मान्य. लाद्यांना प्रशस्ती नको. पण पायवाटेवरही लिहिता येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड, बर्कली या गावांत फुटपाथचं काँक्रीट ओलं असताना त्यावर कंत्राटदार आपलं नाव आणि पुष्कळदा साल ठसवत. तिथले हौशी अभ्यासक आज त्या ठशांवरून गल्ल्यांचं वय ठरवतात. आपल्याकडे नाल्यावरच्या छोट्या पुलांच्या कठड्यावर बांधल्याचं साल असतंच की. बांधणाऱ्याचं साल लिहायची सवय आपल्याला आहे. दुरुस्तीचं साल लिहायला मात्र लाज वाटते, जणू ते ठिगळ कबूल करणं आहे.

तर काय करावं

मी आता कुणी विचारलं तर असं सांगतो. रेती-खडी जुन्यासारखी घ्या, नमुना ओता, महिनाभर सुकू द्या, मग ठरवा. साय काढा, पण शेवाळाची घाई करू नका, ते आपोआप येतं आणि त्यावर म्हातारी माणसं घसरतात. काठ सरळ आणि खोल कापा, जुन्या सांध्यांच्या रेषेत नवे सांधे ठेवा. चुन्याच्या कोब्याला चुन्यानेच दुरुस्त करा. एका कोपऱ्यात, ओलं असतानाच, बोटभर उंचीचं साल उमटवा. तोडण्याआधी फोटो आणि मापांसह एक कच्चं रेखाटन करा, आणि त्याची एक प्रत काम करणाऱ्या कचेरीच्या बाहेर, ग्रंथालयात किंवा आमच्यासारख्या मंडळाकडे द्या. आणि जे तोडून टाकायला सांगितलंय ते दुरुस्तीत मोडतं की बदलात, हा प्रश्न तोडण्याआधी एकदा मोठ्याने विचारा.

शेवटचा मुद्दा माझ्याच कागदांवरून पटला. बाईंशी बोलणं झाल्यावर मी जुनी साइट डायरी शोधून काढली. सिमेंटच्या गोण्या किती आल्या, मजूर किती, कोणत्या दिवशी पाणी मारलं, साखर कितीची आणली, सगळं आहे. मोजमाप पुस्तकाची माझी नक्कलही सापडली: जुनं काँक्रीट तोडणं इतके घनमीटर, नवं टाकणं इतके घनमीटर. तोडलेल्या काँक्रीटचा आकडा टाकलेल्यापेक्षा मोठा आहे. फाट्याचा एवढाच लेखी पुरावा जगात शिल्लक आहे, एका वजाबाकीत. पायवाट कुठे वळत होती, हे कुठेही नाही.

त्यानंतर बाई आणि मी वाड्यात जाऊन आलो. सांधा कुठे आहे ते दाखवायला मी गुडघ्यावर बसलो, आणि खरं सांगायचं तर मलाच तो दहा मिनिटं सापडेना. सापडला तो शेवटी पाणी ओतल्यावर: नवं काँक्रीट जुन्यापेक्षा कमी पाणी पितं, त्यामुळे सुकताना मधे एक रेषा काही क्षण दिसते. बाईंनी लगेच फोटो काढला. फाटा पूर्वेला होता एवढं आता त्यांच्या टिपणाच्या सुधारित आवृत्तीत आहे. पुरावा म्हणून त्यांनी माझं तोंडी निवेदन, ती वजाबाकी आणि तो ओला फोटो दिला आहे. मुदपाकखाना पूर्वेला होता हे त्याने सिद्ध होत नाही, फक्त नव्हता हे सिद्ध होत नाही. फाटा पुढे कुठे जात होता ते उखडलेल्या भागाबरोबर गेलं, आणि जे सात-आठ फूट दिशा दाखवत होते ते मी मोडून भरावात टाकले.

वाचकांपैकी ज्यांनी बांधकाम खात्यांत, नगरपालिकांत, देवस्थानांत किंवा खाजगीत जुन्या वास्तूंची कामं केली आहेत त्यांना विनंती आहे. आपण काय काढलं आणि काय भरलं ते आठवत असेल तोवर एक पानभर लिहून मंडळाकडे पाठवा. नकाशा हाताने काढलेला चालेल. काम चांगलं झालं होतं की नाही हे आम्ही विचारणार नाही. जितकं चांगलं झालं असेल तितकी ती नोंद जास्त गरजेची आहे.